नकाशे जमवणाऱ्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पलंगाखाली पत्र्याची एक चपटी पेटी, कपाटावर पीव्हीसीच्या तीन नळ्या आणि एक हार्ड डिस्क, एवढा माझा नकाशांचा संसार. घरी येणारे पाहुणे, ट्रेकच्या ग्रुपवरची पोरं आणि सातबारा घेऊन येणारे नातेवाईक तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत. ती माझ्या आवडीची.

फोनमध्ये सगळे नकाशे आहेत. मग हा पसारा कशाला?

फोनमधला नकाशा गाडी चालवणाऱ्यासाठी काढलेला आहे. पंप कुठे, हॉटेल कुठे, ट्रॅफिक कुठे तुंबलंय, हे तो चोख सांगतो. आमच्या गावची पाणंद त्यात नाही. तिथून बैलगाडी जाते आणि पावसाळ्यात तीही जात नाही. टोपोशीट, म्हणजे डोंगर, ओढे, वाटा आणि उंची दाखवणारा सरकारी नकाशा, मुळात फौजेसाठी आणि सरकारी कारभारासाठी निघाली, गावनकाशा सारा वसूल करायला निघाला, आणि लोकलच्या डब्यातली स्टेशनांची पट्टी निघाली ती दादरला उतरायचं का कुर्ल्याला हे कळावं म्हणून. ज्या कामासाठी काढला ते काम प्रत्येक नकाशा इमानाने करतो, भलतंच काम सांगितलं की गोत्यात आणतो. त्यामुळे ‘कोणता नकाशा बरोबर?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी हवाय?

लोकलच्या पट्टीला नकाशा म्हणायचं का? तिच्यात अंतर नाही, दिशा नाही.

म्हणायचं. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ साली असाच नकाशा काढला: सगळे मार्ग आडवे, उभे किंवा तिरपे, स्टेशनं सारख्या अंतरावर. रेल्वेवाल्यांना तो आधी पटला नाही. १९३३ मध्ये छापला, लोकांनी उचलून धरला, आणि आज जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच वळणाचे असतात. गाडीत बसलेल्या माणसाला पुढचं स्टेशन आणि बदलायचं स्टेशन एवढंच हवं असतं. मात्र त्या पट्टीवरून चालत निघू नका.

टोपोशीटचा नंबर कसा वाचायचा? ‘४७ एफ / १४’ म्हणजे काय?

हा माझा लाडका प्रश्न. भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने, देश आणि आजूबाजूचा मुलूख चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनांत कापला आणि प्रत्येकाला नंबर दिला. ४७ नंबरचा चौकोन म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर सगळे यात बसतात. गोवा खालच्या ४८ मध्ये जातो, नागपूर ५५ मध्ये.

या चौकोनाचे एकेक अंशाचे १६ तुकडे, ए ते पी. अक्षरं वाचताना डावीकडून उजवीकडे जायचं नाही. वरून खाली उतरायचं, मग शेजारच्या रांगेत पुन्हा वरून खाली. ए, बी, सी, डी पहिल्या रांगेत, ई पुन्हा वर, तिच्या खाली एफ. पुणे एफमध्ये. मग एफचे आणखी १६ तुकडे, १५ मिनिटांचे, नंबर १ ते १६, पुन्हा वरून खाली. पुणे शहराचा मोठा भाग १४ मध्ये येतो. हीच ती ४७ एफ / १४. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. एका शीटमध्ये साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन मावतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने.

गंमत अशी, की डोंगरांना हे चौकोन ठाऊक नसतात. १८ अंश १५ मिनिटांची रेघ राजगड आणि तोरण्याच्या मधून जाते. तोरणा ४७ एफ / ११ मध्ये आणि राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ / १२ मध्ये, तोही अगदी वरच्या कडेला चिकटून. राजगड-तोरणा ही ट्रेकरांच्या आवडीची डोंगरधार, आणि तिच्यासाठी दोन शीट लागतात. मी दोन झेरॉक्स काढून मध्ये सेलोटेप लावली होती. टेप नेमकी वाटेवर आली.

नव्या ओपन सिरीजच्या, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या शीटना नंबर वेगळ्या पद्धतीचे आहेत. तरी ट्रेकर मंडळी अजून ‘सत्तेचाळीस एफ’ असंच बोलतात.

टोपोशीट मिळते कुठे? ती बाळगणं बेकायदेशीर आहे ना?

ही भीती जुनी आहे, आणि तिला कारणही होतं. सीमेवरच्या आणि किनारपट्टीच्या शीटवर बरीच वर्षं बंधनं होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि एक सर्वांसाठी. सर्वांसाठीची ती ओपन सिरीज. २०१७ मध्ये, खात्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, ‘नक्शे’ नावाच्या पोर्टलवरून या शीट फुकट उतरवून घेता येऊ लागल्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी नकाशे करण्याआधी परवानगी घेण्याची अटही काढली. तेव्हा ओपन सिरीजची शीट जवळ आहे म्हणून दचकू नका. ‘प्रतिबंधित’ असा छापील शेरा असलेली जुनी शीट स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका, एवढं पाळा.

अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० ची ‘यू ५०२’ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवली आहे. तपशील कमी, पण एका नजरेत अख्खा जिल्हा दिसतो. जुन्या नकाशांसाठी डेव्हिड रम्सी संग्रह बघा. रात्री बघायला बसू नका, सकाळ होते.

जुन्या इंची शीट (एक इंचाला एक मैल) आज कामाच्या आहेत का?

नावांसाठी सोनं. धरणाखाली गेलेली गावं, मोडलेल्या घाटवाटा, उठून गेलेल्या वाड्या त्यांत सापडतात. उंची फुटांत असते, म्हणून कळसूबाई ५,४०० वाचून घाबरायचं नाही. १,६४६ मीटरच ती.

धोका दुसरीकडे आहे, आणि तो मी अंगावर घेतलेला आहे. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा एक गणिती आकार धरावा लागतो. या शीट ‘एव्हरेस्ट’ नावाच्या लंबगोलावर बेतलेल्या, आणि फोनचा जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ या दुसऱ्या आकारावर. एकाच अक्षांश-रेखांशाची जागा या दोन पद्धतींत आपल्या भागात शंभराहून जास्त मीटरने सरकते. कागदावर दोन-तीन मिलिमीटर. मी एका नाळेच्या, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या घळीच्या, तोंडाचे आकडे जुन्या शीटवरून काढले, जीपीएसमध्ये भरले आणि भर धुक्यात तिथवर गेलो. यंत्र म्हणालं, पोचलास. समोर कारवी, पुढे कडा. नाळ सोंडेच्या पलीकडे. धुकं उठेपर्यंत दीड तास बसून होतो आणि बरोबरच्यांनी तो दीड तास मला विसरू दिलेला नाही. तेव्हापासून शीटच्या समासात डेटम, म्हणजे मोजणीचा हा आधार, कोणता लिहिलाय ते आधी वाचतो.

जाता जाता: या सगळ्या मोजणीची सुरुवात १८०२ साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन यांनी केली. दक्षिणेतून उत्तरेकडे मोजत सरकताना १८२३ मध्ये ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. ज्या एव्हरेस्ट यांचं नाव शिखराला आहे, त्यांनी त्यानंतर हे काम पुढे नेलं.

घाटवाटेला जायचंय. जीपीएक्स ट्रॅक आहे, पुरे ना?

ट्रॅक म्हणजे कुणीतरी चालताना जीपीएसने नोंदलेली वाट. तो कुणी, कोणत्या महिन्यात, चढताना की उतरताना केला, हे माहीत असेल तर बराचसा पुरतो. फेब्रुवारीत केलेला ट्रॅक सप्टेंबरमध्ये पुरुषभर गवतात गायब असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्रॅकच्या खाली दिसणाऱ्या समोच्च रेषा. बहुतेक फुकट ॲपमधल्या या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची. आता आपला सह्याद्री आठवा: पदर (डोंगराच्या अंगावरचा सपाट पट्टा), मग सरळसोट कडा, मग वरचा पदर, पुन्हा कडा. बेसॉल्टचे थर पायऱ्यांसारखे. चाळीस मीटरची उभी भिंत त्या चौकोनांत दोन घरांमधला नुसता उतार होऊन बसते. स्क्रीनवर रेषा जरा जवळ आलेल्या दिसतात, बास. परगावचा गडी बघतो आणि म्हणतो, इथून सरळ उतरू, अर्धा किलोमीटर वाचेल. टोपोशीटवर त्याच जागी कड्याची दातेरी खूण असते, कारण ती करताना कुणीतरी तिथे जाऊन बघितलेलं असतं. मी दोन्ही घेतो: फोनवर ट्रॅक, खिशात शीटची रंगीत प्रिंट. आणि शेवटच्या वाडीतल्या माणसाला विचारतो. तो ‘वाट मोडलीय’ म्हणाला, तर मोडलेली असते.

ट्रॅक शेअर करताना काय काळजी घ्यावी?

घराच्या दारापासूनचा भाग कापा. चुकलेल्या वाटा काढून टाका, किंवा ‘इथे चुकलो’ अशी खूण ठेवा. दुसरं जास्त उपयोगी. पाण्याचं टाकं दाखवलं तर कोणत्या महिन्यात पाणी होतं ते लिहा.

गिधाडांची घरटी, लेण्यातली न नोंदलेली मूर्ती, कोकणच्या सड्यावर नुकतंच सापडलेलं कातळशिल्प यांचा नेमका ठिकाणा जाहीर टाकू नका. आधी अभ्यास करणाऱ्यांना आणि गावाला कळवा. यावर माझं मित्रांशी भांडण होतं. ते म्हणतात, माहिती सगळ्यांची. मी म्हणतो, आधी कुंपण पडू दे.

गावनकाशा, टिपण, फाळणी, गटबुक, ‘क’ प्रत. यांत फरक काय?

सातबारा घेऊन येणारे सगळे हेच विचारतात, आणि निम्मे लोक गावनकाशाची प्रिंट घेऊन बांधावर भांडायला निघालेले असतात.

मुंबई इलाख्यातली पद्धतशीर जमीनमोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट ही नावं तिच्याशी जोडलेली. त्याआधीचा प्रिंगल यांचा प्रयत्न फसला होता. मोजायला साखळी होती, ३३ फुटांची, आणि तिचे १६ भाग, त्यांना म्हणायचं अणे. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पुण्यात आज फ्लॅटच्या जाहिरातीशेजारी गुंठ्याचा भाव छापतात, तो त्या लोखंडी साखळीचा वर्ग आहे.

टिपण म्हणजे त्या मोजणीत प्रत्येक सर्व्हे नंबरचं काढलेलं कच्चं रेखाटन. मधून एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना बांधाच्या वळणांपर्यंतची आडवी मापं, साखळी आणि अण्यांत. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं. आकृती बघून फसू नका, आकडे वाचा. माझ्या काकांच्या शेताचं टिपण बघाल तर चौकोनी पाटासारखं दिसतं, आणि आकडे मांडून कागदावर उतरवलं तर निघतो तोंड वाकडं केलेला आंबा.

सर्व्हे नंबरचे हिस्से पडले की त्यांची फाळणी होते, तिचा नकाशा वेगळा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे तुकडे जोडून गट केले, तिथे गटबुकातला नकाशा येतो. कोकणात बऱ्याच गावांत हे एकत्रीकरण झालंच नाही, म्हणून तिथे अजून ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक’ चालतं. गावनकाशा म्हणजे हे सगळं गावाच्या एका कागदावर: शिवा, नंबर, ओढे, गाडीवाट, विहिरी. कोणाचा नंबर कोणाला लागून आहे हे त्यावरून कळतं. बांध नेमका कुठल्या फुटावर, हे नाही कळत.

ते कळायला मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, फी, लगतच्या खातेदारांना नोटिसा, मग भूकरमापक येतो. पूर्वी शंकू-साखळी, मग प्लेन टेबल, आता ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) किंवा रोव्हर (उपग्रहावरून मोजणारं यंत्र). शेवटी अर्जदाराला मिळते ती ‘क’ प्रत. तिच्यावर अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी दाखवतात, आणि कोणती रेघ कशाची ते खाली लिहिलेलं असतं. लोक आकृती बघतात आणि खालची टीप वाचत नाहीत. सगळं भांडण त्या दोन रेघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात असतं.

महाभूनकाशाची (सरकारच्या वेबसाइटवरच्या गावनकाशाची) प्रिंट पुरावा म्हणून चालते का?

हद्द ठरवायला नाही. घरबसल्या गट शोधायला, लगतचे नंबर लिहून घ्यायला उत्तम.

फोन घेऊन शेताच्या कडेने चाललो. क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी भरतंय. शेजाऱ्याने खाल्लं का?

आधी हिशोब करा. एक एकराचं चौकोनी शेत म्हणजे साधारण ६४ मीटरची बाजू. फोनचा जीपीएस मोकळ्या रानातही दोन-चार मीटर इकडेतिकडे करतो. बाजू ६४ ऐवजी ६१ भरली, तर क्षेत्रात साडेतीन गुंठ्यांहून जास्त तूट दिसते. शेजाऱ्याने काही केलेलं नसतं.

दुसरं, सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. सगळे बोलताना एकच धरतात, एकराला जवळपास अर्धा आर हरवतो. आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा लिहिलाय का, तेही बघा. एवढं करून तूट उरली, तर मोजणीचा अर्ज करा. कोयता नको.

गावठाणाचं काय? तिथे तर सातबाराच नसतो.

बरोबर, म्हणून घराच्या जागेला कागद नाही अशी अडचण होती. ड्रोनने गावठाण टिपून मिळकत पत्रिका देण्याचा महाराष्ट्रातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला ‘स्वामित्व’ योजना देशभर जाहीर झाली. उडवण्याआधी लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या असतात. ड्रोनला चुना दिसतो, वाद दिसत नाही.

मला माझ्या गावचा नकाशा करायचाय. कुठून सुरुवात करू?

आलेख कागद, पेन्सिल, फोनमधलं होकायंत्र. आधी पाऊल मोजा: टेपने १०० मीटर अंतर आखा, नेहमीच्या चालीने चाला, डावं पाऊल पडलं की एक मोजा. माझी ६६ भरतात, म्हणजे एकाला दीड मीटर. मग देवळापासून निघा. पिंपळापर्यंत किती, दिशा कोणती, कागदावर एक सेंटिमीटरला दहा मीटर. फिरून देवळाशी परत या. रेघ जिथून निघाली तिथेच परत भिडणार नाही. पंधरा-वीस मीटर चुकली तर पहिल्या खेपेला छान जमलं म्हणायचं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा ती चिंता सोडा.

मग नावं गोळा करा. हे काम म्हाताऱ्या माणसांपाशी बसून होतं. आमच्या आत्याला मी कोकणातल्या तिच्या वाडीचा नकाशा काढायला सांगितला. तिने कॅलेंडरच्या पाठीवर काढला आणि पूर्व वरती ठेवली. मी म्हटलं, आत्या, उत्तर वर असते. ती म्हणाली, ‘डोंगर वर, दर्या खाली. उत्तर कशी वर असेल रे?’ तिचं म्हणणं मी खोडू शकलो नाही. मोडी लिपीतले मराठेशाहीचे जुने नकाशेही असेच: उत्तर वर असेलच असं नाही, डोंगर आडवे झोपवलेले, नावं चारी बाजूंनी लिहिलेली, वाचायला कागद फिरवत बसायचं. जमिनीवर अंथरून भोवती माणसं बसत असतील, तर असाच नकाशा सोयीचा.

ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावं कशी घालायची?

खातं उघडा, गाव निवडा आणि ‘नेम:एमआर’ (name:mr) या खुणेत देवनागरी नाव भरा. २००४ पासून लोकांनी मिळून केलेला हा नकाशा आहे. कुणीही वापरावा, श्रेय द्यावं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावं उतरवू नका, ती चोरी ठरते. स्वतः फिरून किंवा विचारून आणलेलं घाला. वाड्या, देवराया, पाणंदी, झरे यांची अजून फार उणीव आहे. कडेही घाला; वर सांगितलेली कड्यांची अडचण तेवढीच कमी होईल.

भारताचा नकाशा छापताना काय बघावं?

बाहेरची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. तशी नसलेला नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. गणेश मंडळांच्या स्मरणिकांत नेटवरून उचललेला कोणताही नकाशा बिनधास्त छापतात. त्यापेक्षा शाळेतला प्लास्टिकचा साचा बरा.

जुने नकाशे सांभाळायचे कसे?

घडी घालू नका, घडीवरच फाटतात आणि महत्त्वाचं गाव हटकून घडीवर असतं. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. नळीत गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दसऱ्यानंतर एक दिवस सावलीत हवा. कापडावर चिकटवलेला नकाशा मिळाला तर कापड सोडवू नका. जुन्या दप्तरांत कागद रुमालात बांधून ठेवत, ती सुती कापडाची सवय अजूनही चांगली आहे.

याला किंमत किती येते?

बहुतेकांना काही नाही. बाजारात ‘पुरातन’ म्हणून मिळणारे पुष्कळसे नकाशे चहाच्या पाण्यात बुडवलेल्या प्रिंट असतात. भिंग लावा, छपाईचे रंगीत ठिपके दिसले की पैसे खिशात ठेवा.

आजोबांच्या ट्रंकेत एक नकाशा सापडलाय. फोटो पाठवला तर ओळखाल का?

प्रयत्न करीन. समासात वर्ष, आवृत्ती, प्रमाण, शीट नंबर आणि छापखान्याचं ठिकाण असतं. मोजणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं, दोन्ही बघा. मागच्या बाजूला शिक्का किंवा पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो हवा. आणि कृपा करून चारही कडा फोटोत येऊ द्या. लोक नेमकं मधलं आपलं गाव झूम करून पाठवतात.